फोटो बाद करणारा

मुंबईतला फोटोग्राफीचा वर्ग मुंबई विद्यापीठापेक्षा वयाने मोठा आहे. विद्यापीठ १८५७ चं, जे. जे. स्कूल ऑफ आर्टही १८५७ चंच. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये मात्र १८५५ मध्ये फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली होती. दागेरच्या फोटोग्राफीच्या शोधाची पॅरिसमधली घोषणा १८३९ ची, म्हणजे मध्ये जेमतेम सोळा वर्षं गेली होती. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवू लागले आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची छायाचित्रं झळकली. ‘फोटोग्राफीत शिकायचं काय असतं?’ हा प्रश्न या शहरापुरता तरी तेव्हाच निकालात निघायला हवा होता. तो दर जूनमध्ये घरोघरी नव्याने विचारला जातो.

त्याचं आजचं रूप म्हणजे ‘फोटोग्राफीसाठी कुठलं कॉलेज चांगलं?’ वाक्य एकच असलं तरी विचारणारे सारखे नसतात. लातूरसारख्या गावात वडिलांचा स्टुडिओ असलेल्या मुलाकडे लग्नाची कामं येतच असतात. पुण्याहून येणाऱ्या टीमसारखं ‘कॅन्डिड’ आपल्याला जमत नाही आणि हातचं गिऱ्हाईक चाललंय, ही त्याची अडचण. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बाईंकडे उत्तम कॅमेरा आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, पण त्यांचे फोटो होते तिथेच अडकलेत. ठाण्यातल्या बारावीच्या मुलाचं इंजिनीअरिंग नको, एवढंच ठरलंय. या तिघांना एकाच संस्थेचं नाव सुचवणारा माणूस एकतर त्या संस्थेत नोकरीला असतो, नाहीतर त्याने प्रश्न नीट ऐकलेला नसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅमेरा चालवायला शिकण्यासाठी आता पैसे मोजायची गरज उरलेली नाही. ॲपर्चर, शटर, आयएसओ हे त्रिकूट मराठीतसुद्धा फुकट ऐकायला मिळतं आणि मन लावलं तर एका पावसाळ्यात हातात बसतं. फी द्यायची ती आपले फोटो बाद करणाऱ्या माणसासाठी. चाळीस फोटो समोर ठेवले की त्यातले छत्तीस बाजूला सारणारा, आणि का सारले ते सांगणारा. घरचे लोक हे करत नाहीत. इन्स्टाग्राम तर नाहीच करत. गिऱ्हाईक करतं, पण कारण न सांगता दुसऱ्याकडे जातं. कोर्स निवडायचा म्हणजे हा माणूस शोधायचा. इमारत, कॅमेऱ्यांची यादी, एसी वर्ग हे सगळं त्यानंतर.

दादासाहेब फाळक्यांचं शिक्षण या नजरेने पाहण्यासारखं आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाला आणि चित्रकला शिकला. फोटोग्राफी त्याला भेटली बडोद्याच्या कलाभवनात. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेल्या या संस्थेचे प्रमुख होते प्रा. त्रिभुवनदास गज्जर, मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी या विद्यार्थ्याचा नाद ओळखला आणि कलाभवनाची फोटोग्राफीची प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली. फाळके तिथे प्रक्रिया शिकले, छपाई शिकले, काचा खराब केल्या असतील तर त्याही तिथेच केल्या. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्याशी संबंध, आणि १९१२ मध्ये इंग्लंडला धाव. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत सिनेमाचं काम जवळून पाहून, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून ते परतले. मुक्काम सारा दोन आठवड्यांचा. इतका छोटा कोर्स इतका फळल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण तो फळला, कारण त्याआधी वीस-बावीस वर्षं हा माणूस रसायनांत आणि शाईत हात घालून बसला होता. दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या जाहिराती पाहताना मला फाळके नेहमी आठवतात. जाहिरात देणाऱ्यांना बहुधा फक्त ते दोन आठवडेच आठवतात.

‘मोठे फोटोग्राफर कुठे कोर्स करून आलेत?’ असं म्हणणारे घरात एक काका असतातच. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रघु राय सिव्हिल इंजिनीअर. गौतम राजाध्यक्ष सेंट झेवियर्सचे विज्ञानाचे पदवीधर, १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत लागले. होमाई व्यारावाला जे. जे.मध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांना शिकवला माणेकशा व्यारावालांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. आता काकांनी न सांगितलेला अर्धा भाग. रघु राय यांचे थोरले भाऊ एस. पॉल हे स्वतः नावाजलेले फोटोग्राफर. धाकट्याने सहज टिपलेला गाढवाच्या पिल्लाचा फोटो त्यांनीच निवडून लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवला आणि तो छापून आला. राजाध्यक्षांना जाहिरात कंपनीत रोजच्या रोज चित्रं निवडणाऱ्यांचा सहवास होता, आणि जाहिरातीच्या धंद्यात चित्र बाद होण्याला कुणी मनाला लावून घेत नाही. म्हणजे शाळा सगळ्यांनाच होती. तिला पाटी आणि माहितीपत्रक नव्हतं, इतकंच.

पाटी असलेल्या शाळाही माणसांमुळेच मोठ्या झाल्यात. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बर्न्ड बेखर १९७६ मध्ये फोटोग्राफीचे प्राध्यापक झाले. ते आणि त्यांच्या पत्नी हिला यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणीवरचे सांगाडे एकाच पद्धतीने, ढगाळ प्रकाशात, वर्षानुवर्षं टिपले. त्या वर्गातून आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, कांडिडा ह्योफर, थॉमस रुफ बाहेर पडले. गुर्स्कीचं ऱ्हाईन नदीचं एक छायाचित्र २०११ मध्ये ४३ लाख डॉलरना विकलं गेलं, त्या वेळचा तो विक्रम होता. आपल्या जवळचं उदाहरण ढाक्याचं. शाहिदुल आलम यांनी १९९८ मध्ये तिथे ‘पाठशाला’ सुरू केली. हेतू असा, की बांगलादेशातला पूर आणि दारिद्र्य टिपायला दर वेळी बाहेरचा फोटोग्राफर विमानाने यायला नको. २०१३ मध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्यातल्या दोन देहांच्या अखेरच्या मिठीचं जे छायाचित्र जगभर गेलं, ते काढणाऱ्या तस्लिमा अख्तर याच पाठशालेच्या.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू.

महाराष्ट्रात जुनी आणि खर्चाला झेपणारी वाट म्हणजे अप्लाइड आर्टचं बीएफए. मुंबईचं जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट, पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय ही त्यातली ठळक नावं. प्रवेश बहुतेक ठिकाणी राज्याच्या एएसी सीईटी या कलाशाखेच्या प्रवेश परीक्षेतून होतो, जे. जे. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, त्यामुळे तिथली सूचना त्या-त्या वर्षी स्वतंत्र वाचलेली बरी. पण इथे चार वर्षं फोटोग्राफीच शिकायला मिळेल, अशा समजुतीने जाऊ नये. अक्षरांकन, इलस्ट्रेशन, जाहिरातीची मांडणी हे सगळं करायचं असतं, आणि फोटोग्राफी त्यातला एक विषय, पुढच्या वर्षांत जास्त खोलात. मला हा तोटा वाटत नाही. पोस्टर कसं बसतं हे ज्याला कळतं, तो फोटो काढतानाच मजकुरासाठी जागा सोडतो. जाहिरात कंपन्यांना असा माणूस हवा असतो. मात्र चित्रकलेचा कंटाळा असलेल्या मुलाला ही वाट नको.

फोटोग्राफीचीच पदवी हवी असेल तर पुण्यात सिम्बायोसिसची व्हिज्युअल आर्ट्स आणि फोटोग्राफीची शाळा आहे. खासगी विद्यापीठांत असे अभ्यासक्रम वाढतायत आणि त्यांची फी बीएफएच्या कितीतरी पट असते. पदवीनंतर जायचं असेल तर दिल्लीच्या जामिया मिलियातल्या मास कम्युनिकेशन सेंटरमध्ये स्थिर छायाचित्रणाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) गांधीनगर आवारात फोटोग्राफी डिझाइनचं एम. डेस. आहे, आणि उटीजवळ लव्हडेलला इक्बाल मोहम्मद यांनी २००१ मध्ये सुरू केलेली लाइट अँड लाइफ अकादमी आहे. या तीन संस्थांचा स्वभाव वेगळा आहे. जामियाचा ओढा वार्तांकनाकडे आणि माहितीपटाकडे. एनआयडीत ‘हे काम का केलंस?’ याचं उत्तर द्यायची तयारी लागते. उटीच्या अकादमीत स्टुडिओ, प्रकाशयोजना आणि जाहिरातीच्या कामाला मान. एकीकडे न रमणारा दुसरीकडे खुलतो.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटविषयी एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतला मोठा अभ्यासक्रम सिनेमॅटोग्राफीचा, म्हणजे चलच्चित्राचा. स्थिर छायाचित्रणाचे छोटे वर्ग तिथे होतात, पण ‘एफटीआयआयला फोटोग्राफी करतो’ असं म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय अभिप्रेत आहे, ते आधी विचारून घ्यावं. सिनेमाच्या सेटवर कॅमेरामन प्रकाश वाहता ठेवतो, लग्नातला फोटोग्राफर तो थांबवतो. दोन्हीकडे भिंग असलं तरी रोजचं काम फार निराळं.

आणि ज्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही तो आयटीआयचा ‘डिजिटल फोटोग्राफर’ हा एक वर्षाचा ट्रेड. दहावी पास मुलाला चालतो. सगळ्या आयटीआयमध्ये नाही, पण जिथे आहे तिथे फी नगण्य. वैद्यकीय महाविद्यालयं, कृषी विद्यापीठं, पोलिस, माहिती खातं इथे छायाचित्रकाराच्या जागा अधूनमधून निघतात आणि जाहिरातीत बहुधा मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र मागितलेलं असतं. लाखो रुपये भरून मिळवलेलं एखाद्या खासगी अकादमीचं गुळगुळीत प्रमाणपत्र तिथे कामाला येत नाही, आयटीआयचं येतं. विद्यापीठाची पदवी, सरकारमान्य पदविका आणि संस्थेने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीपत्रकात त्या मुद्दाम शेजारी शेजारी मांडलेल्या असतात.

पण महाराष्ट्रातल्या बहुतांश फोटोग्राफरांचं पोट लग्नांवर आहे, आणि गंमत अशी की अभ्यासक्रमांत लग्न जेमतेम असतं. जणू ते हलकं काम. ज्याने केलंय त्यालाच ते किती अवघड आहे ते माहीत. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं चाललंय, बँडवाला तोंडाशी क्लॅरिनेट धरून उभा आहे, अंतरपाट आता निघेल. निघाला की हवेत अक्षता, आणि ऑटोफोकस नवरीच्या डोळ्यांवरून सुटून तांदळाच्या दाण्यांवर. एका बाजूने व्हिडिओवाल्याचा पांढरा एलईडी, दुसरीकडून डेकोरेटरचे जांभळे पार लाइट, मधोमध हार पुढे करणारे मामा. दुसरा टेक नाही. आदल्या दिवशीची हळद तर त्याहून बेरकी: पिवळी साडी, पिवळा मांडव, अंगाला हळद. कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला एवढा पिवळा रंग खपत नाही. कॅमेरा तो मारायला जातो आणि नवरी निळसर दिसते. शिवाय आपल्याकडच्या सावळ्या कातडीला न्याय देणारं एक्स्पोजर हा स्वतंत्र अभ्यास. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी ‘शर्ली कार्डं’ वापरत, त्यांवर दशकानुदशकं गोऱ्याच बाईचा चेहरा होता. चेहरा उजळवून देणं म्हणजे चांगला फोटो, ही समजूत आपल्या स्टुडिओंतून अजून गेलेली नाही. अल्बम घरी आला की सगळं खानदान एकाच रंगाचं दिसतं.

लातूरच्या मुलाने संस्था निवडताना म्हणूनच एवढंच विचारावं, की इथे शिकवणाऱ्यांपैकी गेल्या मोसमात मांडवात उभं कोण होतं? तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई आषाढाच्या तोंडाशी ओसरते. चातुर्मासात काढीव मुहूर्तांची लग्नं होतात, पण हात बरेचसे रिकामे असतात. त्याच्यासाठी पावसाळ्यातला दोन-तीन महिन्यांचा प्रकाशयोजनेचा वर्ग हा तीन वर्षांच्या पदवीपेक्षा नक्कीच शहाणा सौदा.

प्रकाशयोजना मुद्दाम म्हटलं. व्हिडिओ पाहून जी गोष्ट येत नाही ती हीच. छोटा दिवा वस्तूपासून दुप्पट लांब नेला की उजेड चतुर्थांश होतो, हा नियम दहावीच्या मुलालाही वाचून कळतो. पण दोन फुटांवर सॉफ्टबॉक्स असताना मॉडेलने मान जराशी मागे नेली तर गालावर काय होतं, आणि तोच दिवा आठ फुटांवर असताना काहीच का होत नाही, हे स्वतः दिवा सरकवल्याशिवाय अंगात मुरत नाही. स्टीलचं पातेलं, काचेची बाटली, चमकदार दागिना यांचे फोटो तर निव्वळ दिव्यांच्या आणि काळ्या-पांढऱ्या पुठ्ठ्यांच्या जागेवर उभे असतात. संस्थेत किती कॅमेरे आहेत यापेक्षा आठवड्यात एका विद्यार्थ्याला किती तास स्टुडिओ मोकळा मिळतो, हे विचारण्यात अर्थ आहे. तीस मुलं एका टेबलाभोवती आणि सर मधोमध ट्रिगर दाबतायत, असा वर्ग असेल तर तो यूट्यूबवरही आहेच.

कामाची कायदेशीर बाजू शिकवणारे वर्ग त्याहून दुर्मीळ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात असं आहे, की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि उलट करार केलेला नसला, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार काम देणारा ठरतो. कितीतरी फोटोग्राफर नवरा-नवरीचे फोटो आपल्या जाहिरातीत बिनदिक्कत वापरतात, कारण ‘काढला मी, म्हणजे माझा’ असं त्यांना वाटतं. एका पानाचा करार, त्यात वापराचं एक वाक्य, बस्स. ड्रोनचंही तसंच. २०२१ च्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमच्या वरचं ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि लग्नाचं शूटिंग हा धंदाच आहे. ‘ड्रोन फोटोग्राफी शिकवतो’ म्हणणारी संस्था हे प्रमाणपत्र देऊ शकते का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच ते मिळतं.

पैशांचं बोलायचं तर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ वाचल्यावर सावध व्हावं. या व्यवसायात मोठा भाग स्वतंत्र काम करणाऱ्यांचा. प्लेसमेंट म्हणजे पुष्कळदा एखाद्या ऑनलाइन दुकानाच्या कॅटलॉगसाठी दिवसभर पांढऱ्या पडद्यापुढे कुर्ते टिपत बसणं. तेही काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांकडे सरकू लागलंय. खासगी अकादमीच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो पहिल्या फोनवर सांगितला जातोच असं नाही. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळण्याची अट लेखी मागावी. जुनं नाव म्हणजे भरवसा, हेही गृहीत धरू नये: कॅलिफोर्नियातली ब्रुक्स इन्स्टिट्यूट १९४५ पासून चाललेली, फोटोग्राफीच्या जगात दबदबा असलेली. पुढे मालक बदलत गेले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये, नवं सत्र तोंडावर असताना, ती बंद होत असल्याचं जाहीर झालं.

फी भरण्याआधी एक दिवस ‘क्रिटीक’च्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या, असं सांगून पाहावं. चांगल्या संस्था हो म्हणतात. तिथे काय चालतं ते अर्ध्या तासात कळतं. सर फोटो पाहून ‘नाइस’, ‘कॉन्ट्रास्ट थोडा वाढव’ एवढंच म्हणतायत, की ‘या दोघांतला कुठला ठेवशील आणि दुसरा का नाही?’ असं विचारतायत? मुलं एकमेकांच्या फोटोवर बोलतात का? भिंतीवर लावलेले फोटो कुठल्या वर्षीचे आहेत? सगळे एकाच मुलाचे असतील तर तो मुलगा हुशार होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं. वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याचं वर्षाअखेरचं काम पाहायला मागावं. आणि सगळ्यांचे फोटो सरांच्या फोटोंसारखेच दिसत असतील तर तिथून निघावं. हिंजवडीच्या बाईंना तर पदवीची गरजच नाही. महिन्यातून दोनदा छापील फोटो टेबलावर मांडून निर्दयपणे बोलणारा गट किंवा एखादा जुना फोटोग्राफर मिळाला तरी त्यांचं अडलेलं गाडं हलेल. छापील म्हणतोय, कारण फोनच्या पडद्यावर सगळंच बरं दिसतं.

असिस्ट करणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी शाळा आणि तिची फी उलट्या दिशेने वाहते, निदान वाहायला हवी. बॅग उचलायची, स्टँड धरायचा, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, रात्री कार्डं कॉपी करून दोन ठिकाणी ठेवायची. पहिले काही महिने कॅमेऱ्याला हात लागत नाही. पण दीडशे पाहुण्यांचा ग्रुप फोटो दोन मिनिटांत कसा लावायचा, रागावलेल्या वरमाईला कसं हसवायचं, उरलेले पैसे अल्बम देण्याआधी कसे मागायचे, हे कुठल्याही विद्यापीठात नाही. यातली खोट अशी की वर्षानुवर्षं फुकट राबवून घेणारेही असतात, आणि मुलींना रात्री उशिरा हॉलवरून घरी सोडण्याची सोय कोण करणार हे कुणी बोलत नाही. दिवसाचे पैसे किती, जेवण-प्रवास कुणाचा, किती महिन्यांनी सेकंड शूटर म्हणून उभं करणार, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं. जो हे विचारल्यावर चिडतो त्याच्याकडे शिकायला काही नसतं.

ठाण्याच्या मुलाने मात्र आत्ताच हलायला हवं. एनआयडीचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात, ते एम. डेस. पदवीनंतरचं असल्याने त्याला अजून अवकाश आहे, पण एएसी सीईटीच्या तयारीला तो या हिवाळ्यात लागला नाही तर वर्ष जाईल. मेमरी ड्रॉइंगचा सराव, संकल्पचित्र, आणि पंधरा फोटोंचा पोर्टफोलिओ. सूर्यास्त, मांजर आणि वारीतला सुरकुतलेला चेहरा हे तिन्ही त्यात नसले तर बरं. निवड करणाऱ्यांनी ते पोत्याने पाहिलेत. आपल्या चाळीतलं, सोसायटीतलं, लोकलच्या डब्यातलं एकच काहीतरी धरून त्यावर महिनाभर काढावं. तुळशीचं लग्न झालं की हॉल भरतील आणि प्रत्येक टीमला दिवा धरायला माणूस लागेल. तिकडेही एक फोन करून ठेवावा.